दहा फुटांवरून

‘लार्ज फॉरमॅट’ हा शब्द आपल्याकडे आला तो ट्रायपॉडला बांधूनच. स्टुडिओतला लाकडी कॅमेरा, त्याचा चामडी भाता, काळ्या फडक्यात डोके खुपसून उभा असलेला फोटोग्राफर आणि श्वास रोखून खुर्चीत बसलेले आजोबा, हे दृश्य घरोघरच्या जुन्या फुल प्लेट-हाफ प्लेट फोटोंच्या मागे आहे. पुढे ज्यांनी परदेशी छायाचित्रकारांची पुस्तके पाहिली, त्यांच्या मनात या दृश्याला अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचे डोंगर येऊन मिळाले. तिथेही कॅमेरा तीन पायांवर आणि घाई कुणालाच नाही, डोंगराला तर नाहीच. त्यामुळे चार बाय पाच इंच किंवा त्याहून मोठ्या फिल्मचा कॅमेरा हातात धरून फोटो काढायचा म्हटले, की ऐकणाऱ्याला तो हट्ट वाटतो, नाहीतर नाकापेक्षा मोती जड असला काही प्रकार वाटतो. हा समज अर्ध्याच इतिहासावर उभा आहे, असे मला मांडायचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, साठएक वर्षे, या आकाराचे कॅमेरे रस्त्यावर, जहाजावर, विमानात आणि रणांगणावर हातात धरून वापरले गेले. ते वापरणाऱ्यांनी मोठ्या फिल्मची शिस्त वाऱ्यावर सोडली नव्हती. फोटोपूर्वी घ्यावे लागणारे निर्णय त्यांनी घटनेच्याही आधी उरकून ठेवले होते, आणि त्यांतला सर्वांत मोठा निर्णय अंतराचा होता. ट्रायपॉडवाला चौकट ठरवतो आणि वाट पाहतो. हातात कॅमेरा असलेला अंतर ठरवतो आणि चालत जातो.

हातात धरण्याची सुरुवात कॅमेरा हलका झाला म्हणून झाली नाही, प्लेट जलद झाली म्हणून झाली. ओल्या कोलोडियनच्या प्लेटला उन्हातही सेकंद मोजावे लागत आणि ती ओली आहे तोवरच वापरून धुवावी लागे. तिथे हाताचा प्रश्नच नव्हता. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, पुढच्या दहा वर्षांत इतरांनी ती सुधारली आणि एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आले. १८८०च्या दशकात ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ म्हणवणाऱ्या पेट्यांचे पेव फुटले. गंभीर मंडळी त्यांना हौशी लोकांचे खेळणे समजत, आणि सुरुवातीला आल्फ्रेड स्टिग्लिट्झही त्यांच्यातलाच होता. पण १८९३च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर भर हिमवादळात तो तीन तास उभा राहिला, ते चार बाय पाचचा उसना हातकॅमेरा घेऊनच. वादळातून वाट काढत येणाऱ्या घोडागाडीचा तो फोटो आज छायाचित्रणाच्या प्रत्येक इतिहासात असतो. चार वर्षांनी त्याने हातकॅमेऱ्याची बाजू घेणारा लेख लिहिला. त्यातला सल्ला थोडक्यात असा: आधी जागा निवडा, तिथल्या रेषा आणि प्रकाश अभ्यासा, मग माणसे येतील त्यांच्याकडे लक्ष ठेवा आणि सगळे तोलात येईपर्यंत थांबा. म्हणजे हातकॅमेऱ्याचा हा पहिला मोठा वकील घाईची नव्हे, पूर्वतयारीची वकिली करत होता. १९०७ मध्ये ‘कैसर विल्हेल्म दुसरा’ या जहाजावर खालच्या वर्गातल्या प्रवाशांचा जो फोटो त्याने काढला, तो ‘द स्टीअरेज’, तोही चार बाय पाचच्या ग्राफ्लेक्सवर आणि हातातूनच. त्या वेळी आपल्याजवळ एकच कोरी प्लेट उरली होती, असे त्याने पुढे सांगितले. हे सांगणे पस्तीसएक वर्षांनंतरचे आहे, तेव्हा थोडा मीठमसाला गृहीत धरलेला बरा. पण एकाच प्लेटवर भागवण्याची सवय त्याला नवी नव्हती एवढे नक्की.

पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा असतो. एवढी मोठी फिल्म, एवढी लांब लेन्स, हात हलणारच, मग मोठ्या निगेटिव्हचा फायदा काय राहिला? हा आक्षेप आकडे मांडून तपासण्याजोगा आहे, कारण त्यात एक घोटाळा दडलेला आहे. लेन्सच्या मिलिमीटरइतका भाजक शटरला हवा, म्हणजे ५० मिमीला १/५० सेकंद, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो पस्तीस मिमीच्या फिल्मसाठी तयार झाला आणि त्यात प्रिंट किती मोठे केले जाणार याचा हिशेब मुकाट धरलेला आहे. समजा, हाताच्या थरथरीने छोट्या कॅमेऱ्यात ५० मिमीच्या लेन्समागे प्रतिमा ०.०३ मिमी सरकली. तेवढ्याच कोनाच्या थरथरीने चार बाय पाचवर १५० मिमीच्या लेन्समागे ती तिप्पट, म्हणजे ०.०९ मिमी सरकेल. इथपर्यंत आक्षेप खरा आहे. पण आठ बाय दहा इंचांचे प्रिंट काढायला छोटी निगेटिव्ह साडेआठ पट मोठी करावी लागते आणि मोठी फक्त दुप्पट. कागदावर पहिल्याची सरक पाव मिलिमीटरची होते, दुसऱ्याची ०.१८ची. थोडक्यात, दृश्याचा कोन साधारण सारखा आणि प्रिंटचा आकार तोच ठेवला तर मोठ्या कॅमेऱ्याचे हलणे जास्त दिसत नाही, किंचित कमीच दिसते. त्यात अडीच-तीन किलोचे धूड स्वतःच बारीक थरथर गिळते, आणि लेन्समधल्या पात्यांच्या शटरला आरशाचा धक्का नसतो. मात्र दंड दमला की थरथरीच्या जागी डुलणे येते. वजनाचा हा उपकार पहिल्या अर्ध्या मिनिटापुरताच असतो. आक्षेपातला खरा भाग वेगळा आहे: त्याच निगेटिव्हचे मीटरभर रुंदीचे प्रिंट काढायचे ठरवले तर ट्रायपॉडवरची निगेटिव्ह जिंकते, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. हातातून काढलेली मोठी निगेटिव्ह आपली पूर्ण क्षमता गाठत नाही. प्रश्न असा, की अर्धी क्षमता वापरलेली पस्तीस मिमीच्या पंधरापट क्षेत्रफळाची फिल्म काही कमी देते का?

खरी अडचण हलण्याची नाहीच, ती स्पष्टतेच्या खोलीची आहे, आणि तिच्याबद्दल आक्षेप घेणारे सहसा बोलत नाहीत. १५० मिमीची लेन्स तीन मीटरवर फोकस केली आणि एफ/८ ठेवले, तर साधारण २.७ ते ३.४ मीटरमधलेच काय ते स्पष्ट येते. माणूस एक पाऊल पुढे आला की हातचा गेला. छोट्या कॅमेऱ्यावर एफ/५.६ला जी खोली मिळते तिच्यासाठी इथे एफ/२०च्या आसपास जावे लागते. लख्ख उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मवर एफ/२२ आणि १/२०० सेकंद सहज बसते, म्हणून दुपारी ऊन पडलेल्या रस्त्यावर काही अडत नाही. सावलीत पाऊल टाकले की तीन स्टॉप जातात आणि हाती तोच एफ/८ आणि तीच दोन-अडीच फुटांची पट्टी उरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर फिल्म याहून मंद होत्या. म्हणून वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी प्रकाश बरोबर न्यायला सुरुवात केली. स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याच्या डाव्या कुशीला धातूची उभी नळी आणि तिच्यावर बशीएवढा परावर्तक, ही जोडी अमेरिकन वार्ताहराची ओळखच होऊन बसली. (त्यातल्या ग्राफ्लेक्स कंपनीच्या नळीचे पुढे १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूक स्कायवॉकरच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणून पुनर्वसन झाले. कॅमेऱ्यापेक्षा त्या नळीला आज गिऱ्हाईक जास्त.)

या हिशेबाचे सर्वांत स्वच्छ उत्तर न्यूयॉर्कच्या आर्थर फेलिगने, म्हणजे ‘विजी’ने, काढले. रात्रीचे खून, आगी, अपघात हे त्याचे क्षेत्र. त्याच्या स्पीड ग्राफिकवर एफ/१६, १/२०० सेकंद आणि दहा फूट हे तीन आकडे कायमचे बसवलेले असत, आणि उजेडाला फ्लॅशबल्ब. यात आळस दिसतो, पण गणित करून पाहावे. त्या कॅमेऱ्यावर सर्रास असणारी १२७ मिमीची लेन्स धरली तर एफ/१६ला दहा फुटांवर फोकस केल्यावर अंदाजे २.३५ मीटरपासून ४.३५ मीटरपर्यंत सगळे स्पष्ट मिळते. पोलिसांचा घेर आणि त्याच्यामागचे बघे मावतील एवढा हा दोन मीटरचा पट्टा. बल्बचा प्रकाश अंतराच्या वर्गाने पातळ होतो, त्यामुळे दहा फुटांवर बरोबर पडलेला उजेड वीस फुटांवर पाव उरतो आणि तीस फुटांवर नवव्या हिश्श्यावर येतो. विजीच्या फोटोंतला तो प्रसिद्ध काळाकुट्ट मागचा भाग, ज्याच्यावर रात्रीच्या शहराचे तत्त्वज्ञान म्हणून पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, तो आधी या वर्गाच्या नियमातून आलेला आहे. नंतर विजीने त्याचा उपयोग ओळखला, हे त्याचे श्रेय. १९४५ मधल्या ‘नेकेड सिटी’ या पुस्तकातले चेहरे आपल्याला अंगावर आल्यासारखे वाटतात, कारण ते खरोखरच दहा फुटांवर आहेत. त्याला फोकस करायचा नव्हता, त्याला तिथपर्यंत पोचायचे होते. कॅमेऱ्याचा आकडा पायांनी पुरा करायचा, ही या पद्धतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

दोन फिल्म बसणाऱ्या होल्डरची शिस्तही यातच बसते. लाकडी किंवा धातूच्या पातळ चौकटीत पुढे एक आणि मागे एक अशा दोन फिल्म. होल्डर आत सारला की ग्राउंड ग्लास, म्हणजे प्रतिमा पाहायची मागची दुधी काच, झाकली गेली; आता लेन्समधून काही दिसणार नाही. डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवरची झाकणपट्टी, ओढायची, शटर ताणायचे, बल्ब बसवायचा, फोटो घ्यायचा, स्लाइड काळी बाजू बाहेर करून परत घालायची म्हणजे ही फिल्म वापरली गेल्याची खूण राहते, मग होल्डर उलटायचा. यातले एक पाऊल चुकले की फोटो गेला, किंवा एकावर एक दोन फोटो बसले. सहा फिल्मचे ग्राफमॅटिक आणि बारा फिल्मचा फिल्मपॅक आल्यावर हाताला थोडी उसंत मिळाली, तरी बल्ब दर वेळी बदलावाच लागे, आणि नुकताच पेटलेला बल्ब चटका देई. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीच्या लेकहर्स्ट येथे हिंडेनबर्ग हे प्रचंड वायुजहाज पेटले, तेव्हा छायाचित्रकार सॅम शीअरच्या स्पीड ग्राफिकमध्ये दोनच फिल्म होत्या, आणि कॅमेरा डोळ्याला लावायलाही वेळ नव्हता असे त्याने सांगितले आहे. कमरेजवळूनच त्याने बटण दाबले. तो फोटो जगभर गेला. याला नशीब म्हणून सोडून देता येईल. पण स्लाइड ओढलेली होती, शटर ताणलेले होते, अंतर लावलेले होते, आणि हे सगळे वायुजहाज पेटण्याच्या आधी झालेले होते. नशीब त्याच्या पुढच्या अर्ध्या सेकंदाचे.

डोळा न लावता घेतलेल्या फोटोची चौकट कशी सांभाळायची, हा पुढचा आक्षेप, आणि मोठ्या फिल्मचा जुना दिमाख नेमका इथे दुखावतो. अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आणि १९३२ मध्ये ‘एफ/६४’ नावाने एकत्र आलेल्या त्यांच्या सोबत्यांनी शिकवले की छायाचित्र ग्राउंड ग्लासवरच पूर्ण झाले पाहिजे, प्रिंट ही नंतरची अंमलबजावणी. त्यांच्या कामाकडे पाहता ही शिकवण वंद्यच आहे. पण मोठ्या निगेटिव्हचा दुसराही एक गुण आहे आणि तो वृत्तछायाचित्रकारांनी ओळखला: तिच्यातून कापून घेता येते. २३ फेब्रुवारी १९४५ला इवो जिमा बेटावरच्या सुरिबाची डोंगरावर अमेरिकन मरीन सैनिक झेंडा उभारत होते, तेव्हा छायाचित्रकार जो रोझेन्थाल उंची कमी पडते म्हणून पायाखाली दगड रचण्यात गुंतला होता. डोळ्याच्या कडेने हालचाल दिसली, त्याने स्पीड ग्राफिक वळवला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये न पाहताच शटर दाबले. १/४०० सेकंद, एफ/८ आणि एफ/११च्या मध्ये कुठेतरी, अशी त्याची आठवण. फिल्म ग्वामला गेली आणि तिथेच धुतली गेली. त्या दिवशी आपल्याला काय मिळाले हे खुद्द त्याला ठाऊक नव्हते. मूळ निगेटिव्ह आडवी आहे. आपण सगळ्यांनी पाहिलेला उभा फोटो संपादकाच्या टेबलावर कापून काढलेला आहे. स्टिग्लिट्झनेही हिमवादळाच्या निगेटिव्हमधून मोठा भाग कापून टाकला होता. म्हणजे हातकॅमेऱ्याच्या परंपरेत चौकट ही दोनदा ठरते: एकदा पायांनी, ढोबळ, आणि एकदा डार्करूममध्ये, नेमकी. छोट्या फिल्मला हे परवडत नव्हते, कारण अर्धी चौकट कापली की दाणे वर येत. १९५३चे पुलित्झर मिळालेला विल्यम गॅलाघरचा फोटोही असाच, अध्यक्षपदाचे उमेदवार अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांच्या बुटाच्या तळव्याला पडलेले भोक दाखवणारा, व्यासपीठाच्या पायथ्याशी खाली धरलेल्या स्पीड ग्राफिकमधून निघालेला. कुठलाही ट्रायपॉड तिथे वेळेवर पोचला नसता, आणि डोळाही नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ही पद्धत एवढी चांगली होती, तर ती वापरणाऱ्यांनीच ती टाकून का दिली? पन्नास-साठच्या दशकांत वृत्तपत्रे आधी रोलायफ्लेक्सकडे आणि मग पस्तीस मिमीकडे वळली. १९५९चा निकॉन एफ आल्यावर स्पीड ग्राफिक कपाटात गेला, आणि रॉचेस्टरच्या कारखान्यात १९१२ पासून चालू असलेले त्याचे उत्पादन १९७३ मध्ये थांबले. ज्यांच्या हाताला घट्टे पडले होते त्यांनी हा निरोप आनंदाने दिला असणार, यात शंका नको. छत्तीस फोटो एका रिळात, लांब लेन्स, मंद उजेडात काम, या गोष्टी बातमीसाठी निर्विवाद सरस आहेत, आणि या पानांत त्याविरुद्ध काही म्हटलेले नाही. पण दुसरे काही नव्हते म्हणून नाइलाजाने मोठा कॅमेरा वापरला, हे म्हणणे टिकत नाही. पस्तीस मिमीचा लायका १९२५ पासून बाजारात होता. छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याच्यावर काम करत होता. तरीही अमेरिकन वृत्तपत्रे पुढची पंचवीस-तीस वर्षे चार बाय पाचला धरून राहिली, कारण छोट्या निगेटिव्हच्या दाण्यांवर संपादकांचा भरवसा नव्हता आणि घाईच्या वेळी एकच फिल्म ओली असतानाच छापायला घेता येई. त्यासाठी अख्खे रीळ धुवावे लागत नसे. फिल्मचा इतिहासही हेच सांगतो. कोडॅकची ट्राय-एक्स १९४०ला आली ती सुट्या शीटमध्ये. पस्तीस मिमीत ती मिळायला १९५४ उजाडले. जलद फिल्म आधी मोठ्या कॅमेऱ्याच्या माणसाला हवी होती. ज्याचा कॅमेरा ट्रायपॉडवर आहे त्याला एवढ्या वेगाची निकड नसते.

आणि एक गोष्ट छोट्या कॅमेऱ्याने दिली नाही, किंवा दिली तर वेगळ्या रूपात दिली. कार्तिए-ब्रेसाँने लायकाचा चकाकता धातू काळ्या पट्टीने झाकला, कारण त्याला दिसायचे नव्हते. चार बाय पाच हातात धरणाऱ्याला लपण्याची सोयच नाही. समोरच्याला तो दिसतो, आणि तो आपल्याला पाहतो आहे हेही दिसते. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या वस्तीत डोरोथिया लँग ग्राफ्लेक्स घेऊन गेली. हा आरशाचा कॅमेरा. वरच्या चामडी नळकांड्यात मान खाली घालून पाहायचे, फोकस थेट काचेवर. तिने काढलेल्या मोजक्या निगेटिव्ह क्रमाने पाहिल्या की कॅमेरा टप्प्याटप्प्याने जवळ येताना दिसतो. आधी तंबू, मग बाई आणि मुले, आणि शेवटी गालाला हात लावलेला तो चेहरा, ज्याला जग ‘मायग्रंट मदर’ म्हणून ओळखते. प्रत्येक फोटोमागे नवी फिल्म भरण्याचा अवकाश होता, आणि त्या अवकाशात समोरच्या बाईने एकतर उठून जायचे होते किंवा बसून राहायचे होते. ती बसून राहिली. या बसण्याला संमती म्हणायचे की नाइलाज, हा वाद त्या फोटोला आजवर चिकटलेला आहे आणि तो योग्यच आहे. पण चोरून काढलेल्या फोटोबद्दल हा वाद अशा रूपात उभाच राहत नाही.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा दाखला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा. नवसारीला १९१३ मध्ये जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पहिली कामे मुंबईच्याच नियतकालिकांसाठी, आणि १९४२ पासून दिल्ली. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे दोन्ही कॅमेरे त्यांनी हाताळले. फाळणीच्या निर्णयाची बैठक, सत्तांतर, परदेशी पाहुणे, नेहरू. त्यांच्या कामात नेते फार लांबचे वाटत नाहीत आणि फार जवळचेही नाहीत. तेवढ्या अंतरावर एका स्त्रीने साडी सावरत, खांद्यावर बल्बची पिशवी आणि हातात तो ठोकळा घेऊन उभे राहायचे, म्हणजे सभेतल्या प्रत्येकाला ती दिसणारच. त्यांच्या छायाचित्रांतला मोकळेपणा या दिसण्यातून आला असावा, असे मला वाटते. सिद्ध करता येण्याजोगे हे विधान नाही. पण त्यांच्या फोटोंतली माणसे पकडली गेल्यासारखी दिसत नाहीत, हे कुणीही पाहून ठरवावे. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. २०११ला पद्मविभूषण मिळेपर्यंत बरेचसे जग त्यांना विसरून बसले होते.

यंत्राच्या खोडींबद्दल एकच सांगतो, कारण हातात धरल्याशिवाय ही खोड पुरती कळत नाही. पडद्याचे शटर असलेल्या कॅमेऱ्यात मोठ्या प्लेटसमोरून पडद्याची फट सरकत जाते तेव्हा फोटोचा खालचा आणि वरचा भाग एकाच क्षणाचे नसतात. फ्रेंच ग्रां प्रीमधल्या मोटारीचा पोरसवदा झाक-आंरी लार्तीगने काढलेला फोटो पाहा: मोटारीचे चाक पुढे कललेले लंबवर्तुळ झाले आहे आणि मागचे प्रेक्षक उलट दिशेला झुकले आहेत. त्याने नऊ बाय बारा सेंटिमीटरचा कॅमेरा मोटारीबरोबर वळवला, पण मोटार त्याच्या हातापेक्षा वेगाने गेली. प्रेक्षक थांबलेले होते म्हणून ते विरुद्ध बाजूला वाकले. ट्रायपॉडवर हीच प्लेट असती तर प्रेक्षक सरळ राहिले असते, आणि वेगाचे हे चित्र, ज्याची नक्कल व्यंगचित्रकार आजही करतात, निघाले नसते.

आजचा आक्षेप यांहून साधा आहे. फिल्म महाग, शीट त्याहून महाग, खिशातला फोन अंधारातही स्वच्छ फोटो काढतो. मग हा खटाटोप कशाला? बातमीसाठी, लग्नासाठी, आठवणीसाठी करू नये, हेच प्रामाणिक उत्तर आहे. पण जिथे प्रत्येक जण तेच यंत्र घेऊन उभा आहे, तिथे वेगळे अंतर वेगळे चित्र देते, याचा पुरावा ताजा आहे. डेव्हिड बर्नेट या अमेरिकन छायाचित्रकाराने २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या प्रचारात आणि २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डिजिटल कॅमेऱ्यांच्या गर्दीत स्पीड ग्राफिक नेला. त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई टेहळणीसाठी बनवलेली एरो-एक्टार लेन्स बसवलेली होती, १७८ मिमी, एफ/२.५. तिच्या काचेत थोरियम असल्यामुळे ती किंचित किरणोत्सारी आहे आणि वर्षे गेली की पिवळी पडते. शौकीन लोक तिला उन्हात ठेवून पुन्हा स्वच्छ करतात. ती पूर्ण उघडी ठेवून तीन मीटरवर लावली तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम चौदा सेंटिमीटर उरते, म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. विजीचा दोन मीटरचा पट्टा इथे वीतभरही राहिला नाही. फोकस लावून झाल्यावर छायाचित्रकार स्वतःच श्वासाबरोबर पुढे-मागे डुलला तरी डोळे अस्पष्ट होतात आणि कान स्पष्ट येतात. म्हणून या पुस्तकातली पुढची पहिली दोन प्रकरणे लेन्सविषयी किंवा फिल्मविषयी नाहीत. पाय किती फाकवून उभे राहावे, कोपरे बरगड्यांना कुठे टेकवावीत आणि श्वास नेमका केव्हा सोडावा, याविषयी ती आहेत.